फाटकावरच्या नोंदवहीपासून हार्ड डिस्कपर्यंत : भारतीय स्पर्धा आयोगाची वाटचाल

कांद्याच्या लिलावात उभा असलेला शेतकरी ‘व्यापाऱ्यांनी रिंग केली’ म्हणतो, तेव्हा त्याच्या डोक्यात कुठलं कलम नसतं. ट्रॉलीभोवती पाच-सहा जण जमलेले असतात, बोली एकच जण लावतो, बाकीचे दोन कांदे हातात घेऊन दाबून बघतात आणि पुढच्या ट्रॉलीकडे सरकतात. त्याला एवढं दिसतं आणि तेवढं पुरतं. नगरपालिकेची टेंडरं भरणाऱ्या ठेकेदारांतही हाच शब्द चालतो. एकाने खरं टेंडर भरायचं, दोघांनी त्याच्यासाठी चढ्या दराची डमी टेंडरं भरायची, पुढच्या खेपेला पाळी बदलायची. रिंग झाली हे सगळ्या गावाला कळतं. ती झाली हे कागदावर कोण दाखवणार, इथे घोडं अडतं.

दिल्लीत किदवाईनगर पूर्व भागातल्या सरकारी इमारतीत बसणारा भारतीय स्पर्धा आयोग याच अडलेल्या घोड्यासाठी आहे. २० मे हा आयोगाचा वार्षिक दिन. त्या दिवशी भाषणं होतात, दंडाच्या रकमा आणि निकाली काढलेल्या प्रकरणांची संख्या सांगितली जाते. मला मात्र या संस्थेचा इतिहास पुराव्याच्या बाजूने सांगावासा वाटतो. आयोगाच्या हाती सुरुवातीला काय लागत होतं, पुढे काय शोधायला तो शिकला आणि न्यायालयांनी त्यातलं काय उचलून धरलं, या क्रमाने पाहिलं तर ही संस्था जास्त कळते.

आधी थोडं मागे जायला हवं. उत्पादनाची साधनं मूठभरांच्या हाती एकवटू नयेत, हे घटनेच्या अनुच्छेद ३९ मध्ये लिहिलेलं होतं. ती एकवटत चालली आहेत का, हे पाहायला १९६४ मध्ये न्या. के. सी. दासगुप्ता यांच्या अध्यक्षतेखाली मक्तेदारी चौकशी आयोग नेमला गेला आणि पुढच्याच वर्षी त्याचा अहवाल आला. पाठोपाठ मुंबई विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ आर. के. हजारी यांनी औद्योगिक परवान्यांचा अभ्यास करून दाखवलं, की काही बडी घराणी परवाने मिळवून ते अडवून ठेवतात. या सगळ्यातून १९६९ चा मक्तेदारी व निर्बंधित व्यापार प्रथा कायदा झाला. १ जून १९७० पासून तो लागू झाला आणि इंग्रजी आद्याक्षरांनी ‘एमआरटीपी’ म्हणूनच ओळखला गेला.

त्या कायद्याचा राग मोठेपणावर होता. ज्या उद्योगसमूहाची मालमत्ता २० कोटींच्या वर, त्याने कारखाना वाढवायचा तर सरकारची पूर्वपरवानगी घ्यायची. १९८५ मध्ये ही मर्यादा १०० कोटींवर नेली आणि १९९१ मध्ये परवानगीची अटच काढून टाकली. मधल्या काळात ग्राहकाला काय मिळालं, हे महाराष्ट्रातल्या एका पिढीला सांगायला नको. परवान्यांच्या त्या जमान्यात आकुर्डीला बनणारी स्कूटर नोंदवायची आणि वाट बघायची. ती दारात येईपर्यंत नोंदवणाऱ्याचा मुलगा कॉलेजात गेलेला असे. मक्तेदारी मोडायला निघालेल्या व्यवस्थेनेच रांगा लांबवल्या, असं म्हणणारे तेव्हाही होते आणि ते अगदीच चूक नव्हते. गंमत अशी, की ज्या संगनमताला आपण रिंग म्हणतो त्या ‘कार्टेल’ शब्दाची व्याख्याच त्या कायद्यात नव्हती. १९८४ च्या दुरुस्तीनंतर त्या कायद्याखालच्या आयोगापुढे फसव्या जाहिरातींच्या तक्रारी येऊ लागल्या, एवढा मात्र सामान्य माणसाशी त्याचा संबंध आला.

उदारीकरणानंतर हा कायदा अंगाला होईना. ऑक्टोबर १९९९ मध्ये एस. व्ही. एस. राघवन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मे २००० मध्ये तिने अहवाल दिला. मोठं असणं हा गुन्हा नाही, मोठेपणाचा गैरवापर हा गुन्हा, असा त्याचा सूर होता. त्यावर बेतलेल्या स्पर्धा कायदा, २००२ ला जानेवारी २००३ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १४ ऑक्टोबर २००३ रोजी भारतीय स्पर्धा आयोग स्थापन झाला.

स्थापन झाला म्हणजे पाटी लागली. आयोग न्यायालयासारखे निवाडे देणार तर अध्यक्ष न्यायाधीश हवा, सनदी अधिकारी कसा चालेल, असा आक्षेप घेऊन ब्रह्मदत्त नावाचे वकील सर्वोच्च न्यायालयात गेले. लग्नपत्रिका छापून तयार आणि नवरदेवावरून वाद, अशी अवस्था झाली. जानेवारी २००५ मध्ये न्यायालयाने प्रकरण निकाली काढलं, पण सरकारने कायदाच दुरुस्त करायचं कबूल केलं होतं. ती दुरुस्ती व्हायला २००७ उजाडलं. या काळात आयोगात विनोद धल हे एकच सदस्य होते. ना तपास, ना निवाडे. संशोधन, प्रशिक्षण आणि लोकांना कायदा समजावणं एवढंच हाती होतं. २००९ च्या सुरुवातीला धनेंद्र कुमार अध्यक्ष झाले आणि २० मे २००९ रोजी कायद्याची मुख्य दोन कलमं, संगनमताविरुद्धचं कलम ३ आणि वर्चस्वाच्या गैरवापराविरुद्धचं कलम ४, अमलात आली. कंपन्यांच्या विलीनीकरणावर नजर ठेवणारी कलमं १ जून २०११ ला लागू झाली.

इथे रचना एकदा समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं नाट्य तिच्यातून घडतं. आयोग निवाडा करतो, पण तपास करत नाही. तपास महासंचालकांचं वेगळं कार्यालय करतं आणि तेही आयोगाने सांगितल्याशिवाय एक पाऊल टाकू शकत नाही. तक्रार आली की आयोग कागद पाहतो, सकृद्दर्शनी तथ्य वाटलं तर महासंचालकांना तपास करायला सांगतो. सप्टेंबर २०१० मध्ये पोलाद प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की तपासाचा हा आदेश प्रशासकीय आहे, त्यावर अपील नाही. हा निकाल नसता तर प्रत्येक तपास पहिल्याच पायरीवर अपिलात अडकला असता.

सुरुवातीची मोठी प्रकरणं आकड्यांमुळे गाजली. जून २०११ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराला ५५.५ कोटी, ऑगस्टमध्ये डीएलएफला ६३० कोटी, जून २०१२ मध्ये ११ सिमेंट कंपन्या आणि त्यांची संघटना मिळून ६,३०० कोटींच्या वर. सिमेंटचा निवाडा अपिलात परत पाठवला गेला, २०१६ मध्ये नव्याने दिला गेला, पुन्हा अपिलात गेला. दंडाची बातमी पहिल्या पानावर येते आणि वसुलीची कुठेच येत नाही, ही वाचकांची तक्रार इथूनच सुरू झाली.

पुराव्याच्या दृष्टीने त्या काळातलं मला सर्वांत बोलकं वाटतं ते धान्य टिकवायच्या गोळ्यांचं प्रकरण. गोदामात धान्याला कीड लागू नये म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरतात. भारतीय खाद्य महामंडळाने मे २००९ मध्ये त्यांचं टेंडर काढलं. तीन कंपन्यांनी भाव भरला आणि तिघांचाही किलोला ३८८ रुपये. ना पैसा कमी, ना पैसा जास्त. कारखाने वेगळे, खर्च वेगळे, भाव मात्र जुळ्या-तिळ्यांसारखा. महामंडळाने आयोगाला कळवलं. तपासात भावाच्या जोडीला आणखी एक साधीशी वस्तू आली : फाटकावरची नोंदवही. या कंपन्यांच्या माणसांची त्यात एकत्र नोंद झालेली होती. एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणवणारे महामंडळाच्या दारात बरोबरच आले होते.

या प्रकरणाचा शेवट मात्र आयोगाला दुखवून गेला. एप्रिल २०१२ मध्ये आयोगाने तीन कंपन्यांना त्यांच्या एकूण उलाढालीच्या हिशेबाने दंड लावला. एका कंपनीचा दंड ६३.९० कोटी, दुसरीचा २५२.४४ कोटी. अपील न्यायाधिकरणाने म्हटलं, की दंड फक्त त्या गोळ्यांच्या विक्रीवर मोजा. ६३.९० चे २.९१ कोटी झाले, २५२.४४ चे ६.९४ कोटी. मे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संगनमत झालं हे मान्य केलं आणि दंडाची ही कपातही मान्य केली. आयोगाची केस शाबूत राहिली, दात मात्र पडले.

त्याच सुमाराला दुसऱ्या एका प्रकरणात केसही गेली. स्वयंपाकाच्या गॅसची सिलिंडरं पुरवणारे १९ कारखानदार मार्च २०१० मध्ये टेंडरच्या आदल्या दोन दिवसांत मुंबईतल्या एका हॉटेलात जमले होते आणि नंतर भाव सारखेच निघाले. आयोगाने हे संगनमत ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये तो निष्कर्ष रद्द केला. खरेदीदार मोजक्याच तेलकंपन्या, मालही त्यांनीच आखून दिलेला, अशा बाजारात भाव सारखे येणं स्वाभाविक आहे, असं त्यामागचं तर्कशास्त्र. भाव सारखे आहेत आणि माणसं एकत्र जमली होती, एवढ्यावर भागत नाही हे यातून दिसलं. हॉटेलातल्या खोलीत काय बोलणं झालं, ते हवं. आणि तोवर ते बोलणं ईमेलवर आणि फोनवर गेलं होतं.

झडतीचा अधिकार महासंचालकांना पहिल्यापासून होता. दिल्लीच्या मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांकडून वॉरंट घ्यायचं आणि जायचं. तो प्रत्यक्ष वापरला गेला तो कायदा लागू झाल्यावर पाच वर्षांनी, सप्टेंबर २०१४ मध्ये, जेसीबी इंडियाच्या कार्यालयात. आपल्याकडे रस्त्याकडेला खणणारं कुठलंही पिवळं यंत्र दिसलं की पोरंसोरं ‘जेसीबी आला’ म्हणतात. कंपनीचं नावच वस्तूचं नाव होणं, यापेक्षा बाजारातल्या वर्चस्वाची सोपी खूण दुसरी नसेल. कोइम्बतूरच्या बुल मशिन्स या छोट्या कंपनीची तक्रार होती, की डिझाइनची नक्कल केली असा खोटा दावा लावून जेसीबीने तिचं यंत्र बाजारात येऊ दिलं नाही. महासंचालकांच्या पथकाने कागदांबरोबर लॅपटॉप आणि हार्ड डिस्क उचलल्या.

कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. वॉरंट झडतीचं होतं, जप्तीचं नव्हतं, असा मुद्दा निघाला आणि जप्त केलेलं काहीही वापरायला न्यायालयाने मनाई केली. चार वर्षांहून जास्त काळ हा माल तसाच पडून राहिला. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ज्या तरतुदीखाली वॉरंट निघालं तिच्यात झडती आणि जप्ती दोन्ही येतात. सरसकट मनाई बरोबर नाही. आयोगाच्या इतिहासातला हा मोठा विजय, यात वाद नाही. पण पुढे दोन्ही कंपन्यांनी आपसात मिटवलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तो तपासच रद्द केला. पहिल्या छाप्याच्या नशिबी निवाडा आलाच नाही.

छापा म्हटलं की दार ठोठावणं, कपाटं उघडणं डोळ्यापुढे येतं. इंग्रजीत याला पहाटेचा छापा म्हणतात. आता खरं काम टेबलाशी बसून, कंटाळवाण्या शिस्तीने चालतं. संगणक सुरू आहे की बंद, पडद्यावर काय आहे, हे आधी टिपायचं. फोन असेल तर त्याचं नेटवर्क तोडायचं, कारण दूर कुठेतरी बसलेला माणूस तो पुसू शकतो. मग हार्ड डिस्क काढून एका छोट्या डबीला जोडतात. ती डबी डिस्कवरचं वाचू देते, तिच्यावर काही लिहू देत नाही. नुसता संगणक सुरू केला तरी शेकडो फाइलींच्या तारखा बदलतात, म्हणून ही सावधगिरी. डबीतून डिस्कची बिनचूक प्रत निघते. ही प्रत फाइली निवडून केलेली नसते. डिस्कवरची रिकामी दिसणारी जागासुद्धा तिच्यात जशीच्या तशी येते, कारण पुसलेली फाइल बहुतेकदा त्या रिकाम्या जागेतच पडून असते. वहीतला मजकूर राहतो, फक्त अनुक्रमणिकेतली ओळ खोडलेली असते. नव्या प्रकारच्या डिस्कवर हा आधार कमी होत चालला आहे, ती गोष्ट वेगळी.

प्रत झाली की तिचा हॅश काढतात. हॅश म्हणजे गणिती सूत्राने काढलेली त्या मजकुराची खूण. एसएचए-२५६ हे सूत्र वापरलं तर ६४ अक्षर-अंकांची ओळ येते. लाखो पानांच्या मजकुरात कुठेतरी ‘३८८’ च्या जागी ‘३८९’ केलं, तर ती ओळ ओळखू येणार नाही इतकी बदलते. पंचनाम्यावर ही ओळ लिहितात, पंच सही करतात, मूळ डिस्क सील होते आणि पुढचा शोध प्रतीवर चालतो. दोन वर्षांनी न्यायाधिकरणापुढे कोणी ‘हा ईमेल मागाहून घुसडला’ म्हणालं, तर पुन्हा हॅश काढायचा आणि ओळी ताडून बघायच्या. तलाठी शेताच्या बांधावर उभा राहून करतो त्या पंचनाम्याचंच हे वंशज आहे, बांधाच्या खुणेच्या जागी हॅश आला आहे.

जप्तीवर एक आक्षेप कायम असतो आणि तो खोटा नाही. कर्मचाऱ्याच्या फोनमध्ये कंपनीची भावपत्रकं असतात तशी मुलांची छायाचित्रं, आईचे औषधोपचार आणि वकिलाशी झालेलं बोलणंही असतं. सगळ्याचीच प्रत निघते. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितल्यावर तर हा प्रश्न टाळून चालणार नाही. नेमक्या शब्दांनी शोध घेणं आणि असंबद्ध मजकूर बाजूला ठेवणं ही पथकाची शिस्त असते, पण शिस्त आणि हक्क यांत अंतर आहे.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा कायदा या काळात जिथे घडला, त्यातलं एक ठिकाण जालना आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर थोड्या मतांनी निवडून आले. त्यांचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत टळल्यावर दिले गेले, असा दावा करत कैलास गोरंट्याल न्यायालयात गेले. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं चित्रीकरण हा पुरावा होता. चित्रीकरणासोबत जोडायचं प्रमाणपत्र मात्र मागूनही मिळेना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जुलै २०२० मध्ये निर्णय आला : मूळ उपकरणच न्यायालयात हजर केलं नसेल तर पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालचं प्रमाणपत्र हवंच, अधिकारी देत नसतील तर न्यायालयाकडून ते मागवून घ्या. निवडणुकीच्या एका घड्याळावरून सुरू झालेल्या या वादाचा निकाल आता देशभर डिजिटल पुराव्याच्या युक्तिवादात पहिल्यांदा उद्धृत होतो. स्पर्धा आयोगाला पुरावा कायद्याची कलमं न्यायालयाइतकी काटेकोर बांधत नाहीत, तरी अपिलात टिकायचं तर ही शिस्त पाळणं भाग असतं.

झडतीच्या जोडीला दुसरं हत्यार होतं ते माफीच्या साक्षीदाराचं. २००९ च्या नियमांनुसार संगनमत उघड करणाऱ्या पहिल्या कंपनीला दंडात १०० टक्क्यांपर्यंत सूट, दुसरीला ५० पर्यंत, तिसरीला ३० पर्यंत. कितीतरी वर्षं या योजनेचं काहीच फळ दिसलं नाही. झडतीची भीती नसताना कोण स्वतःहून कबुली द्यायला जाईल? सूट मिळालेला पहिला निवाडा जानेवारी २०१७ चा. रेल्वेला पंखे पुरवणाऱ्यांच्या या संगनमताचा सुगावा केंद्रीय अन्वेषण विभागाला दुसऱ्याच एका तपासात लागला होता. तपास सुरू झाल्यावर पुढे आलेल्या कंपनीला ७५ टक्के सूट मिळाली.

खरी जोडी जमली ती सेलच्या बॅटऱ्यांमध्ये. भिंतीवरचं घड्याळ, रिमोट, गावाकडची टॉर्च यांत घालतो ते साधे झिंक-कार्बन सेल. पॅनासॉनिकने स्वतःहून आयोगाला सांगितलं, की एव्हरेडी आणि निप्पोबरोबर मिळून भाव ठरतात. २३ ऑगस्ट २०१६ रोजी तिन्ही कंपन्यांवर एकाच दिवशी झडत्या झाल्या. झडतीत ईमेल सापडल्यावर उरलेल्या दोघांनीही कबुलीअर्ज केले. एप्रिल २०१८ च्या निवाड्यात पॅनासॉनिकला १०० टक्के सूट मिळाली, एव्हरेडीला ३० टक्के, निप्पोला २० टक्के. सूट धरूनही एव्हरेडीचा दंड १७१.५५ कोटी राहिला. रांगेत पहिला नंबर लावण्याचा भाव किती, ते या तीन आकड्यांवरून उद्योगजगताला एका दिवसात कळलं असावं.

बीअरचं प्रकरण याहून मोठं आणि त्यात महाराष्ट्र थेट होता. बीअरच्या भावाला बऱ्याच राज्यांत उत्पादनशुल्क खात्याची मंजुरी लागते. कंपन्यांनी ठरवलं, मंजुरी मागायची तर सगळ्यांनी मिळून एकच आकडा मागायचा. कुठल्या राज्यात किती मागायचं, कधी पुरवठा आवळून खात्यावर दबाव आणायचा, यावर त्यांचं एकमेकांशी आणि आपल्या संघटनेमार्फत बोलणं चाले. पुरवठा मिळून रोखल्याच्या आणि बाजार वाटून घेतल्याच्या ठपक्यात महाराष्ट्राचं नाव आहे. एका बड्या परदेशी कंपनीने २०१६ मध्ये सॅबमिलरचा कारभार विकत घेतला, घरातली जुनी भांडी उघडून पाहिली आणि आयोगाकडे कबुली दिली. १० ऑक्टोबर २०१८ ला झडत्या झाल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये निवाडा आला : युनायटेड ब्रुअरीजला सुमारे ७५२ कोटी, कार्ल्सबर्गला सुमारे १२१ कोटी, कबुली देणाऱ्याला शून्य. संगनमताचा कालावधी आयोगाने २००९ पासून ‘किमान १० ऑक्टोबर २०१८ पर्यंत’ असा लिहिला. म्हणजे पथक दारात उभं राहिलं, त्या दिवसापर्यंत.

व्हॉट्सॲपवरचं बोलणं कंपनीच्या सर्व्हरवर सापडत नाही, ते हातातल्या फोनमधूनच काढावं लागतं. आपल्या फोनमधलं पुसलं तरी पलीकडच्याच्या फोनमध्ये ते राहतंच. पलीकडचा माफीचा साक्षीदार झाला, की पुसणाऱ्याचे कष्ट वाया. हार्ड डिस्क आणि कबुली ही दोन हत्यारं एकमेकांना धार लावतात ती अशी.

पुण्याचं प्रकरण रकमेने लहान, पण मला ते जवळचं वाटतं. कचरा प्रक्रिया प्रकल्पांसाठी पुणे महापालिकेने २०१४ आणि २०१५ मध्ये टेंडरं काढली. नागरिक चेतना मंच या संस्थेला त्यात रिंग दिसली आणि २०१५ मध्ये तिने आयोगाकडे तक्रार नेली. डमी टेंडरं भरणाऱ्यांनी एक साधी चूक केलेली होती. एकमेकांविरुद्ध उभ्या असलेल्या कंपन्यांची टेंडरं एकाच आयपी ॲड्रेसवरून, म्हणजे एकाच इंटरनेट जोडणीवरून चढवली गेली होती. फोनच्या नोंदीही त्यांच्या सलगीची साक्ष देत होत्या. खाद्य महामंडळाच्या फाटकावर सगळे एकत्र नोंद करून आत गेले, तसेच इथे ई-टेंडरच्या फाटकातून आत गेले. मे २०१८ मध्ये आयोगाने त्यांना दंड केला. ई-टेंडर आलं म्हणजे रिंग संपली, असं तेव्हा सगळ्या महापालिका सांगत होत्या. रिंग संपली नाही, पण तिच्या पायांचे ठसे उमटू लागले.

अलीकडच्या वर्षांत आयोगाचं नाव तंत्रज्ञान कंपन्यांमुळे जास्त ऐकू येतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला अँड्रॉइडवरून १,३३७.७६ कोटी आणि प्ले स्टोअरच्या पैसे घेण्याच्या पद्धतीवरून ९३६.४४ कोटी दंड झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सॲपच्या खासगीपणाच्या धोरणावरून मेटाला २१३.१४ कोटी. ज्या ॲपमधले संदेश एका फायलीत पुरावा, तेच ॲप दुसऱ्या फायलीत आरोपी. त्या प्रकरणांचा पुरावा मात्र छाप्यातून आला नाही. तो करारांतून, धोरणांच्या मजकुरातून आणि प्रतिस्पर्ध्यांच्या म्हणण्यातून आला, म्हणून इथे त्यात खोल शिरत नाही.

संस्था म्हणून आयोगाचे दिवस नेहमी बरे होते असं नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने सदस्यांची संख्या घटवून अध्यक्ष आणि तीन सदस्यांवर आणली. ऑक्टोबर २०२२ मध्ये अध्यक्ष अशोक कुमार गुप्ता निवृत्त झाले आणि गणपूर्तीला लागणारी तीन माणसंही उरली नाहीत. विलीनीकरणाचे अर्ज साचू लागले, तेव्हा ‘गरजेचा सिद्धांत’ पुढे करून उरलेल्या दोघांनी ते निकाली काढायला सुरुवात केली. मे २०२३ मध्ये रवनीत कौर अध्यक्ष झाल्या. पूर्णवेळ अध्यक्षपदी आलेल्या त्या पहिल्या महिला. एवढ्या मोठ्या बाजारावर लक्ष ठेवणारी संस्था सात महिने पूर्णवेळ अध्यक्षाविना ठेवणं, याला हेळसांड याशिवाय दुसरा शब्द मला सुचत नाही.

एप्रिल २०२३ च्या दुरुस्ती कायद्याने बरंच बदललं. गोळ्यांच्या प्रकरणात पडलेले दात परत बसवले गेले : दंडाची कमाल मर्यादा आता कंपनीच्या जगभरातल्या उलाढालीवर मोजता येते. अपील करायचं तर दंडाच्या २५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. एका संगनमताची कबुली देताना दुसऱ्याही संगनमताची माहिती दिली, तर दोन्हीकडे सूट मिळते. झडती आणि जप्तीच्या तरतुदीही स्पर्धा कायद्यातच सविस्तर लिहिल्या गेल्या. आधी त्यासाठी १९५६ च्या, रद्द झालेल्या कंपनी कायद्याचा आधार घ्यावा लागे आणि जेसीबीच्या वेळचा घोळ त्याच उसनवारीतून झाला होता.

१ जुलै २०२४ पासून जुना पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला. कलम ६५-ब च्या जागी आता कलम ६३ आहे आणि प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या परिशिष्टातच छापलेला आहे. १८ मार्च २०२५ रोजी मुंबई, दिल्ली आणि गुरुग्राममध्ये जाहिरात क्षेत्रातल्या कंपन्यांच्या कार्यालयांवर आयोगाची पथकं गेली. जाहिरातींचे दर आणि सवलती आपसात ठरवल्या जातात, असा संशय होता. अशा झडतीत काढलेली प्रत पुढे न्यायालयासमोर ठेवायची झाली, तर हाच नमुना भरावा लागतो. भाग ‘अ’ उपकरण ज्याच्या ताब्यात होतं त्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने, आणि दोन्हींत हॅशची ती लांबलचक ओळ लिहायला जागा ठेवलेली आहे.